कुठवर आलं

नळीला भोक नाही.
हे आधीच सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात,
एकदा तर खणभागातला हवालदारसुद्धा,
टोपी काढून घाम पुसत: उडतं का हो हे?
अब्बांनी त्याला आगपेटीतली काडी दिली. घाला आत.
काडी अर्ध्या बोटावर अडली.
चहा पिऊन गेला.

नाटकातली पिस्तुलं करतो आम्ही.
घोडा पडतो, खटका वाजतो, एवढंच.
बार विंगेत काढतात,
मरायचं काम नटाचं.

आधी घासायचं. दोनशेवीसचा कागद, चारशेचा, हजारचा,
लोखंडात आपलं तोंड दिसेपर्यंत.
मग पेट्रोलनं धुवायचं
आणि त्यानंतर हात लावायचा नाही.
नाही म्हणजे नाही, जुबे,
बोटाचं तेल लोखंड विसरत नाही.
तारेला अडकवून ठेवायचं वाळूत,
चाळलेली वाळू, पत्र्याचा ट्रे, खाली गॅस.

रंग लोखंड आपला आपण काढतं.
कुठं थांबायचं
तेवढं शिकलगारानं ठरवायचं.

यंदा अब्बांना ते ठरवता येईना.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
चुना पिवळट, दूध पिवळट,
माझा निळा ओढणीचा पदर, तोही म्हणे शेवाळी.
स्टुलावर बसून नुसतं विचारायचे:
कुठवर आलं?

हळद, मी म्हटलं.
कसली? यार्डातल्या पोत्यातली का भाजीतली?
पोत्यातली.
वेळ आहे मग.

कुठवर आलं?
गूळ.
कोल्हापुरी का आपला काळपट?
काळपट.
हं.

बेदाणा, अब्बा. काळा. आता जांभळं, आता वांगं...
वांगं म्हणालीस? चिमटा घे हातात.

आणि मग जे आलं
त्याला मला नाव सापडेना.
आभाळ नव्हतं ते, नदी तर नव्हतीच,
आमची कृष्णा कधी निळी पाहिलीय कुणी?
मी गप्प झाले,
आणि अब्बांनी ते गप्प होणं ऐकलं.
काढ!
जवसाच्या तेलात चर्र वाजलं.

पुसल्यावर दिसला
मुठीच्या वर, डाव्या अंगाला,
माझा अंगठा. फिकट, कडब्याच्या रंगाचा,
रेघांसकट.
तारेला अडकवताना लागला असणार.
पुन्हा करायचं तर अडीच तास,
टेम्पो साडेचारला.

चांगलं आलंय?
चांगलं आलंय.
त्यांनी वरून हात फिरवला.
अंगठा हाताला लागत नाही.

स्पर्धेच्या प्रयोगाला आम्ही आठव्या रांगेत.
उजेड तांबडा. पिस्तूल नुसतं काळं.
कोळसा दिला असता तरी चाललं असतं.
नायक बुधगावचा, बँकेत कॅशियर,
दुसऱ्या अंकात त्यानं भावावर रोखलं
आणि विंगेतला बार आधी झाला, घोडा मागनं पडला.
लोक हसले.
अब्बा हसले नाहीत, ते खटका ऐकत होते.
बरा वाजला, म्हणाले.

मार्चात मिरजेला डोळा केला. एकच, उजवा.
पट्टी निघाल्यावर दोन दिवस
ते बादलीकडे बघायचे,
चपलेच्या पट्ट्याकडे,
शेजारच्या ताडपत्रीकडे.
तिसऱ्या दिवशी पिस्तूल परत आलं, नाटकवाल्यांचं,
नळीवर ओरखडा.
खिडकीशी नेऊन त्यांनी ते उलटसुलट केलं.
मी ट्रे झाडायला घेतला. झाडलेलाच होता.

एवढं निळं करत होतो होय गं आपण?

मग बोलणं थांबलं.
मी वळून पाहिलं तर
त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर.
मोठा आहे त्यांचा, माझा सगळा झाकला गेला.

हे भाजायचं नाही परत, म्हणाले,
ओरखडा तेवढा बघ.

आणि दुसरं काम काढलं, गॅस पेटवला,
ज्योतीकडेच बघत बसले.
ट्रे ठेवायचा राहिला.